विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहू का?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी बडोद्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे घर दांडिया बाजारात आहे आणि तीन पिढ्या आम्ही इथेच राहतो. आमच्या विद्यार्थी परिषदेत ‘विद्यार्थी हित प्रतिनिधी’ असे एक पद आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारी आणि मागण्या विद्यापीठापुढे मांडणे, हे त्या प्रतिनिधीचे काम. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे आणि मैत्रिणी मला उभी राहा म्हणून आग्रह करत आहेत. गेल्या सत्रात वर्गातल्या एका दृष्टिहीन मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळत नव्हता. मी त्याच्याबरोबर परीक्षा विभागात खेपा घातल्या आणि शेवटी तो मिळाला. मैत्रिणींचे म्हणणे असे, की पोस्टरवर त्याचा आणि माझा एकत्र फोटो लावला तर मी नक्की निवडून येईन. एका विद्यार्थी संघटनेने पोस्टर, गाड्या आणि मुलांचा चहा-नाश्ता असा सगळा खर्च करायची तयारी दाखवली आहे. काका म्हणतात, मराठी मुलांची मते एकगठ्ठा मिळवून देतो. बाबांचा मात्र विरोध आहे. आपल्या घरात हे कुणी केलेले नाही, शीक आणि नोकरीला लाग, एवढेच ते म्हणतात. मला स्वतःला चारचौघांत उभे राहून बोलायची भीती वाटते. मी काय करावे?

— एक विद्यार्थिनी, बडोदा

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तू उभी राहावेस, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या मुलाचा फोटो पोस्टरवर लावू नकोस आणि संघटनेचा पैसा घेऊ नकोस. या दोन बाबतींत मी मधला मार्ग सुचवणार नाही. त्यामागची कारणे जरा विस्ताराने सांगते, कारण ती पटली तर हे पद मुळात कशासाठी आहे, तेही त्यातूनच तुझ्या लक्षात येईल.

फोटोचा प्रश्न आधी घेते. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळावीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास मिळावा, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात आणि त्यांना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार आहे. तेव्हा त्या मुलाला जे मिळाले ते त्याच्या हक्काचे होते, आणि तू ते त्याच्यापर्यंत पोहोचायला मदत केलीस. तो पोस्टरवर तुझ्या शेजारी उभा दिसला, की बघणाऱ्याच्या मनात तो तुझ्या उपकाराखालचा मुलगा ठरतो आणि पुढची दोन-तीन वर्षे त्याच वर्गांत, त्याच कॅन्टीनमध्ये त्याला ती ओळख घेऊन वावरावे लागते. त्याने होकार दिला तर काय, असे तू विचारशील. ज्याच्यासाठी आपण नुकतीच धावपळ केली आहे, त्याला आपल्याला ‘नाही’ म्हणणे फार जड जाते. म्हणून त्याचा होकारही इथे पुरेसा मानू नये. शिवाय पोस्टर पाहणाऱ्यांमध्ये उद्या तुझ्याकडे येऊ शकणारी एखादी मुलगी असेल, जिची शिष्यवृत्ती अडकली आहे किंवा जिला वसतिगृहात त्रास होतो आहे. आपली अडचण पुढच्या निवडणुकीत भिंतीवर लागेल, अशी शंका तिच्या मनात आली तर ती तुझ्याकडे येणारच नाही. प्रतिनिधीपाशी शेवटी विश्वास हीच काय ती पुंजी असते आणि तू ती पद मिळण्याआधीच खर्च करून बसशील.

त्या अनुभवाचा प्रचारात उपयोग करू नकोस, असे मात्र मी म्हणत नाही. उपयोग जरूर कर, पण त्या मुलाला त्यातून पूर्णपणे वगळून. ‘दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची सूचना परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच प्रसिद्ध व्हावी, त्यासाठी अर्ज कुठे आणि किती तारखेपर्यंत करायचा हे तिच्यात लिहिलेले असावे, म्हणजे कुणालाही खिडक्या-खिडक्यांतून फिरावे लागणार नाही,’ ही मागणी तू तुझ्या जाहीरनाम्यात पहिल्या क्रमांकावर ठेव. एका मुलाला तू जे खेपा घालून मिळवून दिलेस, ते पुढच्या प्रत्येकाला न मागता मिळेल अशी व्यवस्था करून घेणे, हे या पदाचे खरे काम आहे. फी कमी करीन, हजेरीची अट काढून टाकीन अशी आश्वासने इतर उमेदवार देतील. ते त्यांच्या हातात नाही आणि तुझ्याही हातात नसेल, म्हणून त्या स्पर्धेत उतरू नकोस.

आता त्या कामाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम लागू केले आहेत आणि कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठेही त्यांच्या कक्षेत येतात. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. या समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल, तर तो हाती आल्यापासून १५ दिवसांत विद्यार्थ्याला विद्यापीठाने अशा अपिलांसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते आणि लोकपालाने ३० दिवसांत त्याचा निकाल लावावा, अशी अपेक्षा आहे. अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे, माहितीपत्रकात नसलेली फी, रखडलेले निकाल, शिष्यवृत्तीतला विलंब असे बहुतेक नेहमीचे विषय या विनियमांत आले आहेत. समितीत एक विद्यार्थीही विशेष निमंत्रित म्हणून असतो. मात्र त्याची नेमणूक अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतील गुणवत्तेवरून होते, त्यामुळे निवडून आलीस म्हणून तिथली खुर्ची आपोआप तुला मिळेल असे समजू नकोस.

या सगळ्या मुदती कागदावर चोख आहेत, पण त्यांतली पहिली मोजायला सुरुवात होते ती तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून, आणि नेमकी तीच तारीख बहुतेक विद्यार्थ्यांकडे नसते. मुले खिडकीवर जातात, तोंडी सांगतात, ‘दोन दिवसांनी या’ असे ऐकून परत येतात, पुन्हा जातात. महिना गेल्यावर तक्रार केल्याचा एकही पुरावा हाती नसतो. म्हणून प्रतिनिधीला सर्वांत आधी अर्ज लिहिता आला पाहिजे. तो एका पानाचा असावा. वर तारीख, मग अधिकाऱ्याचे पदनाम, मग विषयाची एक ओळ. पहिल्या परिच्छेदात काय घडले, कोणत्या तारखेला, कोणत्या विभागात. दुसऱ्यात कोणत्या नियमानुसार काय व्हायला हवे होते. तिसऱ्यात आता नेमके काय हवे आणि कधीपर्यंत. राग, विशेषणे आणि इतर दहा तक्रारी त्यात नकोत. विद्यापीठाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येत असेल तर तिथेही नोंदव आणि तिचा क्रमांक उतरवून ठेव. कागदी अर्जाच्या मात्र नेहमी दोन प्रती न्याव्यात, एक खिडकीवर द्यावी आणि दुसरीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती अर्जदाराला परत द्यावी. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील,’ असे उत्तर मिळेल. ते प्रत्येक वेळी वाईट हेतूने दिलेले नसते, पण शिक्का मिळेपर्यंत नम्रपणे तिथेच उभे राहायचे. व्यासपीठावर बोलायला तू घाबरतेस, पण परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर तू उभी राहिली आहेस; या पदासाठी लागणारे धैर्य मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे असते.

नुसते टेबलावरून टेबलावर फिरत राहणाऱ्या अर्जाची किंमत कुणाला मोजावी लागते, याचे एक उदाहरण आपल्याच शहरातले आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. त्यांना राहायला जागा मिळेना, म्हणून ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अंतिम उत्तर यायच्या आधीच एके दिवशी लाठ्या घेतलेली माणसे धर्मशाळेत आली आणि त्यांना ती सोडावी लागली. दुसरीकडे कुठेही आसरा न मिळाल्याने ते शहरातल्या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कमाटी बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि तूही ती पाहिलेली असशील. त्यांना शिकवणारे राज्य उदार होते, राजा त्यांच्या बाजूचा होता, अर्जही रीतसर केलेला होता; तो शेवटापर्यंत रेटणारे कुणी मध्ये नव्हते. जातीच्या त्या अन्यायाची आणि आजच्या वसतिगृहाच्या अर्जाची बरोबरी करता येणार नाही, आणि मी ती करतही नाही. पण वरिष्ठांची सदिच्छा असूनही माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हे या शहरात घडून गेले आहे आणि इथल्या विद्यार्थी प्रतिनिधीने ते विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार उमेदवार सहसा करत नाहीत. तुझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी त्या दृष्टिहीन मुलासारखा निर्विवाद हक्काचा नसेल. कुणी कॉपी करताना पकडला गेलेला असेल, कुणाची हजेरी खरोखरच कमी असेल, कुणी तुझ्याविरुद्ध प्रचार केलेला असेल. त्यांचीही बाजू तुला मांडावी लागेल. कॉपी करणाऱ्याची बाजू मांडायची म्हणजे कॉपीचे समर्थन करायचे नाही. शिक्षा ठरण्याआधी त्याच्यावरचा आरोप त्याला लेखी कळला का, त्याचे म्हणणे ऐकून घेतले का, शिक्षा नियमात आहे तेवढीच आहे का, हे पाहायचे. हे करताना मैत्रिणी नाराज होतील आणि काही प्राध्यापकही होतील. हे तुला जमेल का, याचा शांतपणे विचार कर, कारण माझ्या मते भाषणापेक्षा हाच प्रश्न अवघड आहे.

म्हणूनच संघटनेचा पैसा नको. उद्या त्याच संघटनेच्या एखाद्या कार्यकर्त्याविरुद्ध प्रथम वर्षाच्या मुलाने तक्रार आणली, तर ज्यांच्या गाड्यांतून तू प्रचार केलास त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहायला तुझा हात धजणार नाही, आणि धजला तरी त्या मुलाला तसा भरवसा वाटणार नाही. नियमही हेच सांगतो. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या. त्यांत उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे, राजकीय पक्षाचा पैसा वापरायला मनाई आहे, खर्चासाठी विद्यार्थ्यांनी स्वखुशीने दिलेली वर्गणीच चालते, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा लागतो. छापील पोस्टरना त्यात परवानगी नाही. हाताने केलेली पोस्टर, तीही ठरवून दिलेल्या जागीच लावायची. गाड्या आणि ध्वनिक्षेपक वापरून प्रचार करण्यालाही बंदी आहे. संघटनेने देऊ केलेली बहुतेक मदत या नियमांत बसतच नाही. त्या लोकांशी भांडू नकोस. आभार मानून, हे नियम दाखवून नाही म्हण. त्यांच्यातल्या कुणाला व्यक्तिशः तुला मत द्यायचे असेल, तर ते त्याने जरूर द्यावे.

काकांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचाही प्रस्ताव मला पसंत नाही. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांनी गुजराती शेजाऱ्यांबरोबर जे आयुष्य उभे केले आहे, त्यात गठ्ठ्याने मते मागण्याला जागा नसावी. मराठी उमेदवार म्हणून निवडून आलीस तर सौराष्ट्रातून किंवा बिहारमधून आलेला मुलगा तुझ्या दारात येताना बिचकेल. तुझ्या मराठीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. जळगाव, नंदुरबारकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या आणि पहिल्या सत्रात गुजरातीतल्या सूचना न कळणाऱ्या मुलांशी तू त्यांच्या भाषेत बोलू शकतेस. ते काम निवडणूक नसतानाही कर. काकांना मात्र एक काम जरूर सांग: त्यांच्या ओळखीत निवृत्त शाळामास्तर किंवा कचेरीत आयुष्य घालवलेले कुणी असेल, तर अर्जाचा मसुदा तपासून घ्यायला त्यांना गाठून द्यावे.

भाषणाची चिंता करण्याइतके ते मोठे नाही. वर्गावर्गात जाऊन दोन-तीन मिनिटे बोलायचे असते. आपले नाव, तीन मागण्या, आणि तक्रार घेऊन मला कोणत्या दिवशी, कुठे भेटता येईल, एवढेच गुजरातीत आणि हिंदीत घरी मोठ्याने म्हणून पाहा. ज्या वर्गात ओळखीचे चेहरे आहेत तिथून सुरुवात कर.

बाबांविषयी मात्र घाई करू नकोस. ‘नोकरीला लाग’ या त्यांच्या सांगण्यामागे मला तीन भीती दिसतात: अभ्यास बुडेल, पैसा जाईल, आणि मुलगी कुणाच्या तरी भांडणात सापडेल. या भीती खोट्या नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी लिंगडोह शिफारशींतल्या उमेदवारीच्या अटी त्यांना वाचून दाखव. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी, त्या वर्षी कोणताही विषय राहिलेला नसावा, वयही पदवीच्या विद्यार्थ्यासाठी १७ ते २२ च्या दरम्यान असावे. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया १० दिवसांत संपवायची असते. म्हणजे ज्याचा अभ्यास मागे पडला आहे त्याला उभेच राहता येत नाही, हे त्यांना समजेल. मग तुझ्या बाजूने तू सांग: आठवड्यातले दोन दिवस ठरावीक वेळ या कामाला देईन, परीक्षेच्या आधी काम सहकाऱ्याकडे सोपवीन, खर्चाची वही दर रविवारी तुम्हाला दाखवीन. आणि हे कबूल केल्यावर ते काटेकोर पाळ. एवढे होऊनही त्यांनी नाहीच म्हटले, तर त्यांच्या नकळत फॉर्म भरू नकोस. आजी किंवा आईला मध्ये घालून पुन्हा बोल. घरात लपवून केलेल्या कामात दर संध्याकाळी खोटे बोलावे लागते, आणि त्याने तू थकून जाशील.

काही तक्रारी तू स्वतः हाताळायच्या नाहीत, हेही आत्ताच ठरवून टाक. लैंगिक छळाची तक्रार घेऊन कुणी आली, तर तिचे ऐकून घे, तिला एकटी सोडू नकोस, पण चौकशी, समेट किंवा समजावणी यांपैकी काहीही स्वतः करू नकोस. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असते, तिथे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते आणि तिची गोपनीयता कायद्याने राखावी लागते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात या समितीत तीन विद्यार्थीही असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत म्हटले आहे. तुझ्या विद्यापीठात ते निवडले गेले आहेत का, हा प्रश्न विचारणे मात्र तुझ्या कामात नक्कीच येते. रॅगिंगची तक्रारही संबंधित समितीकडे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब गेली पाहिजे. तिथे तुझ्या परवानगीची किंवा सल्ल्याची वाट पाहायला लावू नकोस.

निवडून आली नाहीस तर काय, हे तू विचारलेले नाहीस, तरी सांगते. वर्गमित्राला अर्ज लिहायला मदत करायला कोणतेही पद लागत नाही, आणि जी तू निवडणुकीआधीपासून करत होतीस ती नंतरही करता येईल.

फॉर्म भरण्याआधी या आठवड्यात एक काम कर. विद्यार्थी परिषदेची नियमावली कुलसचिवांच्या कार्यालयाकडे लेखी माग आणि त्याच अर्जात दोन प्रश्न विचार: विद्यार्थी हित प्रतिनिधीला तक्रारदाराबरोबर समितीपुढे हजर राहता येते का, आणि त्याने दिलेल्या निवेदनाला किती दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे? उत्तर समाधानकारक आले तर आपले अधिकार कोणते, हे तुला प्रचारात ठामपणे सांगता येईल. पद केवळ स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यापुरते आहे असे कळले, किंवा फॉर्म भरायच्या मुदतीपर्यंत उत्तरच आले नाही, तर या दोन गोष्टी नियमावलीत लिहून घेणे ही तुझी दुसरी मागणी असू दे.